आमची वाटचाल: पत्रा ३०४चाच लागला पाहिजे

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा गाळा. जिन्याच्या रेलिंगपासून सुरुवात, मग डेअरीच्या टाक्या, आणि पुढे बागांमधली स्टेनलेस स्टीलची अमूर्त शिल्पं. मधल्या वर्षांत ऑर्डर आली, माल गेला, बिल निघालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते एका बागेच्या टेंडरचं. ६ मीटर उंच, पीळ दिलेली तीन पाती. आमचा दर ३०४ या सहज न गंजणाऱ्या स्टेनलेस ग्रेडच्या ३ मिमी पत्र्याचा. दुसऱ्या एका फर्मनं कमी दरात काम नेलं. कागदावर ३०४, लावलं २०२, म्हणजे स्वस्त ग्रेड! २०२मध्ये निकेल वाचवायला मँगनीज घालतात, क्रोमियमही कमी असतं. नवा पत्रा डोळ्याला सारखाच दिसतो, आणि चुंबकावर तर जाऊच नका, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. मॉलीचा, म्हणजे स्टीलचा ग्रेड तपासायच्या द्रावणाचा, थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की २०२ लाल होतं. दोन पावसाळ्यांत जोडांवर तांबूस ओघळ आले, आता त्यावर चंदेरी ऑइल पेंट मारलाय. गाजावाजा मात्र असा झाला की ‘स्टीलची शिल्पं गंजतातच’. आमच्या दोन ऑर्डरी रद्द, पत्रा गाळ्यात पडून, बँकेची लिमिट संपलेली. डेअरीवाले काकाजी तेव्हा टाक्यांचा ॲडव्हान्स देऊन गेले, तोही पावती न मागता. म्हणून शटर उघडं राहिलं.

दुसरा आधार बफिंगवाल्या चाचांचा. ८०, १२०, १८०, २४०, ३२० असे जाड ते बारीक दाण्यांचे घासायचे पट्टे क्रमानं, प्रत्येक पट्टा आधीच्याला आडवा, जुना ओरखडा पूर्ण जाईपर्यंत. घाईत १८० गाळला तर १२०चा ओरखडा शेवटी उन्हात दिसतोच. त्यांच्या डिस्क कुलपात असत. लोखंडावर फिरलेली डिस्क स्टेनलेसला लागली की लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात ठिपके उठतात. टिग वेल्डिंगला ३०८एल ग्रेडची फिलर तार, जोडाच्या मागून आर्गॉन वायू. जोडाशेजारी उष्णतेचा निळसर-सोनेरी पट्टा उरला तर पिकलिंग पेस्ट (आम्लाची पेस्ट) लावून भरपूर पाण्यानं धुवायचं. तो पट्टा ठेवला तर गंज तिथूनच धरतो.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. नागपुरात खोलगट भागाला आरसा फिनिश देऊ नका. मे महिन्यात ऊन एका जागी एकवटतं, समोरच्या बाकावर बसवत नाही. हेअरलाइन, म्हणजे बारीक समांतर रेघांचं मंद फिनिश, द्या. १० अंशांवरून ४५ अंशांवर जाताना ६ मीटरला साडेतीन मिमी वाढ धरा, म्हणजे बेसप्लेटच्या एका बाजूला लांबट भोकं. पाया काळ्या मातीत ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. पोकळ पात्याला तळाशी १२ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत पाणी साचतं. आणि माळीदादांना सांगून बोअरच्या पाण्याचा स्प्रिंकलर शिल्पाकडून वळवून घ्या. क्षाराचे पांढरे डाग नंतर घासून निघत नाहीत, आणि तक्रार येते ती आमच्याकडे.