त्रेपन्न वाल

मंगळवार, रात्री

पान ११२. समासात पेन्सिलने, तिच्या त्या तिरक्या अक्षरात : ‘ही बाई प्रार्थना करत नाही. नाटक करते.’

बाकीच्या सगळ्या खुणा मी निमूट मान्य केल्या. चर्चमधल्या उपासनेला ‘मास’ नको, ‘मिस्सा’ म्हण. बरोबर. फादरांना एका वाक्यात ‘ते’ आणि पुढच्या वाक्यात ‘तो’ केलंयस. बरोबर. मार्च महिना म्हणजे उपवासकाळ, आणि तुझ्या पात्रांच्या घरी मटणाचा रस्सा? अगदी बरोबर, लाजच वाटली. हस्तलिखित वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला पाठवण्याचं कारणच ते होतं. पण पान ११२ चा फोटो सकाळपासून सात-आठ वेळा तरी बोटांनी मोठा करून पाहिला असेल. मोठं केलं की अक्षर बदलतं थोडंच.

तीन वर्षं झाली या कादंबरीला, सोळाव्या शतकातल्या यॉर्कात लपूनछपून जुना, कॅथलिक धर्म पाळणाऱ्यांच्या या खूनकथेला. काय काय गोळा केलं मी या तीन वर्षांत! पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात रविवारी तिच्या चर्चला दांडी मारली तर १५५९ च्या कायद्याने बारा पेनी दंड. १५८१ मध्ये तोच महिन्याला वीस पौंड झाला, म्हणजे खात्यापित्या घराचंही दिवाळं निघावं. रोमहून आशीर्वाद घेऊन आलेल्या जपमाळा देशात आणणं १५७१ पासून गुन्हा. १५८५ पासून जेझुइट या कॅथलिक संघाचा फादर इंग्लंडच्या मातीवर नुसता सापडला तरी राजद्रोह, आणि त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही फाशी. हे सगळं मी गोष्टीत असं मुरवलंय की कुठे धडा वाचल्यासारखं वाटू नये. त्यावर समासात एक अक्षर नाही. शाबासकी जाऊ दे, साधी बरोबरची खूण तरी? नाही.

आणि माझी ती कल्पना, जिच्यावर मी इतकी खूश होते! माझ्या कथेत खुनाचा शोध लावणारा माणूस भिंतीत कोंडलेला आहे. जिन्यामागच्या पोकळीत लपवलेला फादर. चार दिवस अंधारात, गुडघे हनुवटीला. त्याला दिसत काहीच नाही, नुसतं ऐकू येतं. वरच्या खोलीत घरमालकीण माळ म्हणते आहे आणि खाली दुकानात सरकारी खबऱ्याचा मुडदा पडतो. तिच्या बाजूने सांगण्यासारखं एकच : मी तेव्हा वर माळ म्हणत होते. पण हे ती कोर्टात बोलूच शकत नाही. बोलली तर खुनातून सुटेल आणि धर्मापायी अडकेल. सांगायचं तर फक्त भिंतीतल्या माणसाला.

गुप्त जागा एकच ठेवली आहे हो मी. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यात एक असाही आहे की गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. हे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू, अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव. ज्या देशात हार्विंग्टन हॉल नावाच्या एकट्या जुन्या वाड्यात फादर लपवायच्या सात जागा निघाल्या, तिथल्या फादरने लेखकांना सांगावं की एकच वापरा! असो. मी पाळला नियम. पात्रांनी प्रार्थना कशी करावी याचा मात्र अकरावा नियम त्यांनी केला नाही, तो केला असता तर आज मी झोपले असते.

नाटक करते.

शब्द तरी दुसरा वापरायचा. ‘पटत नाही’ म्हणायचं. ‘इथे थोडं अजून हवं’ म्हणायचं, सगळे तसंच म्हणतात.

बुधवार

मागे एकदा ती सहज म्हणाली होती, ‘तुमच्या विल्टशायरचा एक माणूस आमच्याकडे येऊन मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहून गेला, तू तिकडे जाऊन एक खून लिहिलास तर काय बिघडलं?’ (‘तुमच्या’ विल्टशायरचा! नऊ वर्षं यॉर्कात राहिले की विल्टशायर माझं होतं म्हणे.) फादर थॉमस स्टीफन्सबद्दल बोलत होती. मी ज्या इंग्लंडवर लिहिते आहे त्याच इंग्लंडातून धर्मापायी बाहेर पडलेला, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. तेव्हा मी फुशारून गेले होते. आम्ही दोघं एकाच रस्त्याचे प्रवासी, तो जाणारा, मी येणारी, वगैरे.

आज वाटलं, त्याच्यापाशी श्रद्धा होती. माझ्यापाशी लायब्ररीचं कार्ड आहे.

मग दिवसभर तेच. माझ्या घरी कुणी नास्तिक नव्हतं. देवघर होतं, आहे, इथे स्वयंपाकघरातल्या फडताळात का होईना. पण प्रार्थना करणारं माणूस मी जवळून पाहिलं ते एकच, आई. आणि आई हरिपाठ म्हणता म्हणता दूध उतू जात नाही ना ते बघते, डोळ्यांनीच मोलकरणीला कपबशा कुठे ठेवायच्या ते दाखवते, आणि अभंग कुठे तुटत नाही. लहानपणी मला तेही नाटकच वाटायचं. बाबा गेले त्या आठवड्यात ती

जाऊ दे. तो वेगळा विषय आहे.

मुद्दा एवढाच की मी पान ११२ वर जे लिहिलंय ते मला आईच्या हरिपाठापेक्षा जास्त ‘खरं’ वाटत होतं. माझी बाई डोळे मिटते. तिचे ओठ थरथरतात. एक अश्रू ओघळतो. आता पुन्हा वाचलं तर मराठी सिनेमातली नायिका मूर्तीपुढे उभी आहे, मागे घंटा वाजते आहे. यॉर्कमध्ये, १५८६ मध्ये.

शनिवार

शॅम्बल्सला, यॉर्कातल्या जुन्या खाटीकगल्लीत, जाऊन आले. जादूगारांच्या टोप्या आणि छड्या विकणाऱ्या दुकानांपुढे रांग. ज्या खिडक्यांच्या रुंद फळ्यांवर खाटीक मांस मांडायचे तिथे पोरं आइस्क्रीम टेकवून फोटो काढतात. वर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. त्या गर्दीतच तिचं देवस्थान, मार्गारेट क्लिथरोचं. एक छोटी खोली, आत गेलं की बाहेरचा आवाज अर्ध्यावर येतो.

आजवर मी तिथे टेप घेऊन गेले आहे. छताची उंची, दाराची रुंदी, भिंत किती जाड. एकदा तर जिन्यावरून दार दिसतं का ते पाहायला वाकले होते, एक आजीबाई माझ्यासाठीही प्रार्थना करत असाव्यात अशा नजरेने बघत होत्या.

आज वही नेली नाही. बूट काढावेत की नाही या घोळात दारातच थांबले, मागून कुणी आलं म्हणून तशीच आत. बसले.

तिची गोष्ट मला पाठ आहे. खाटकाची बायको. नवरा राणीच्या चर्चला जाणारा, ही जुन्या धर्माची. फादरांना घरात ठेवायची, मिस्सा करवायची. वाचायला शिकली ती तुरुंगात. १० मार्च १५८६ ला झडती आली. मोठ्यांकडून काही मिळेना, तेव्हा घरातल्या एका फ्लेमिश पोराचे कपडे उतरवून त्याला छड्यांची भीती घातली. दहा-बारा वर्षांचं पोर. त्याने खोली दाखवली. कोर्टात तिने ‘दोषी’ही म्हटलं नाही आणि ‘निर्दोष’ही म्हटलं नाही, कारण खटला उभा राहिला असता तर साक्षीला तिचीच मुलं आली असती. उत्तर न देणाऱ्याला शिक्षा ठरलेली. २५ मार्चला, शुक्रवारी, ऊझ नदीवरच्या पुलावर तिला आडवं निजवलं, पाठीखाली टोकदार दगड, अंगावर दार, दारावर वजनं. अंमलदारांनी स्वतः हात लावला नाही, भिकारी आणले भाड्याने. पाव तास लागला, असं तिच्या फादरांनी, जॉन मश यांनी, लिहून ठेवलंय. आदल्या दिवसांत तिने आपली टोपी नवऱ्याला पाठवली आणि बूट-मोजे मुलीला.

बूट-मोजे. यावर मी कादंबरीत दीड पान लिहिलंय. आज तिथे बसून वाटलं की दीड पान फार झालं.

त्या पोराबद्दल मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

आणखी एक गंमत, जी मला तीन वर्षं ठाऊक आहे पण आज हसू आलं. हे तिचं घर नव्हेच बहुधा. मधल्या काळात गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले आणि घोळ झाला. तिचं खरं घर समोरच्या रांगेत असावं, असं आता जाणकार म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं माणसं येतात, मेणबत्त्या लावतात, रडतात, तेही चुकीच्या पत्त्यावर. मी मापं घेतली तीही चुकीच्या घराची! छताची उंची, जिन्याचं वळण, सगळं शेजाऱ्याचं. आणि पान ४० वर मी ते छाती फुगवून वापरलंय.

कुणाचंच काही अडलेलं दिसलं नाही. माझ्यापुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातात माळ होती. ओठ थरथरत नव्हते. तो मधेच घड्याळात बघायचा, नाक पुसायचा, पुन्हा मणी सरकवायचा. खरेदीच्या पिशव्या पायाशी. एका पिशवीतून ब्रेड बाहेर आला होता तो त्याने पायानेच आत ढकलला.

मी मेणबत्ती लावली. कुणासाठी ते लिहीत नाही.

रविवार, फार रात्र झाली आहे

प्रयोग केला. रोझरी घरात नाही. आईने दिलेली तुळशीची माळ आहे, पण तिचे मणी १०८, हिशोब जुळेना. शेवटी डब्यातले वाल मोजले. सुरुवातीच्या तीन आणि मग दहा-दहाच्या पाच ओळी, मरियेच्या प्रार्थना, म्हणजे आवे मारिया, त्रेपन्न, म्हणून त्रेपन्न वाल. मधल्या ‘आमच्या बापा’साठी सहा शेंगदाणे. ओट्यावर मांडले, मोबाइलवर घड्याळ लावलं, लॅटिन समोर ठेवलं आणि मोठ्याने सुरू केलं. एक वाल इकडून तिकडे, एक वाल इकडून तिकडे. हे पाणी प्यायला आले, बघितलं, न बोलता दिवा बारीक करून गेले. लग्नाला एकवीस वर्षं झाल्याचा फायदा.

पहिल्या दहांत उच्चारांकडे लक्ष. दुसऱ्या दहांत पाठ दुखायला लागली. तिसऱ्यात आईचा फोन. ‘काय मोजतेस?’ म्हणाली, आवाज ऐकू गेला असणार. मी म्हटलं, वाल. ‘उसळीला? भिजत घातले नाहीस अजून? मग उद्या कशी होईल?’ फोन ठेवला आणि जिथे थांबले होते तिथून पुढे. चौथ्या ओळीत केव्हा तरी कागदाकडे बघायचं राहून गेलं. जीभ आपली आपण चालली होती. हात वाल सरकवत होता. आणि मी ऐकत होते ते लॅटिन नव्हतं, ते

तर, एकोणीस मिनिटं. फोन धरून.

(कुणी कधी ही कादंबरी वाचणार असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

पान ११२ काढून पाहिलं. माझी बाई पायऱ्यांवर पावलं वाजल्यापासून किंकाळीपर्यंत पाचही ओळी संपवते. दोन पानांपूर्वी मीच लिहिलंय की तेवढ्या वेळात खाली चुलीवर पाण्याला उकळीसुद्धा फुटली नव्हती. म्हणजे फार तर सहा-सात मिनिटं. अशक्य. आणि भिंतीतल्या फादरकडे घड्याळ नाही, पण रोज म्हणणारा माणूस तो. अंधारात बसून तो मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणतच असणार, दुसरं करणार काय! तो जेमतेम दुसऱ्या ओळीत होता आणि ही नंतर सांगते, ‘फादर, माझी माळ पूर्ण झाली होती.’ तिथेच त्याला कळायला हवं. शेवटची वीस पानं मी ज्या तिसऱ्याच इसमावर खून ढकलण्यात घालवली आहेत, त्यांची गरजच नाही. ही बाई प्रार्थना करत नव्हती. नाटक करत होती.

मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले. म्हणजे मला प्रार्थना लिहिता आली नाही म्हणून बिचारीला मी खुनी ठरवलं. पळवाटच आहे ही, कळतंय मला. पण भक्कम आहे.

तिला मेसेज टाकला : एक माळ म्हणायला किती वेळ लागतो? वसईत पहाट झाली होती, लगेच उत्तर. ‘कोण म्हणतंय त्यावर आहे गं. आजी पाऊण तास घ्यायची. मी पंधरा मिनिटं. गाडी चुकत असेल तर दहा. का?’

सगळं सांगितलं. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग : ‘म्हणजे माझी शेरेबाजी चोरून तू शेवट केलास.’

‘हो.’

‘चालेल. अर्पणपत्रिकेत नाव घाल.’ आणि लगेच दुसरा : ‘पण तुझ्या पुस्तकात खरी माळ म्हणणारं कुणीतरी असू दे ना एक. त्या पोराचं काय झालं पुढे, ज्याने खोली दाखवली?’

मी त्याच्याबद्दल तिला कधी बोलले नव्हते. तिनेही कुठे तरी वाचलं असणार.

मग विचारते, ‘आणि तुझी किती मिनिटांत झाली?’

‘एकोणीस. मधे आईचा फोन आला.’

आणखी काही लिहिलं होतं, ते पुसलं.

वाल भिजत घातले. त्रेपन्नांत चौघांचं काय होणार, म्हणून वरून दोन मुठी टाकल्या. शेंगदाणे खाऊन टाकले.