आमची वाटचाल : जुन्या कुलपांना नव्या किल्ल्या

पुण्यात बोहरी आळीच्या तोंडाशी वडील किल्ल्यांची पेटी मांडून बसायचे. सायकलची, कपाटाची, ट्रंकेची, येईल ती किल्ली करायचे. पुढे किल्ली कापायची यंत्रं गल्लोगल्ली आली आणि डुप्लिकेटचा धंदा बसला. पण यंत्राला नमुना लागतो. किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन लोक आमच्याकडेच यायचे. वाडे पडू लागले तशी त्यांची कुलपं जुन्या बाजारात येऊ लागली, बहुतेक किल्लीविना. मी वडिलांना म्हटलं, आता हेच काम धरू.

प्रत्येक जातीच्या कुलपाची रीत वेगळी. पट्ट्यांच्या कुलपात किल्ली फिरवायची नसते. ती आत सरकवली की फाकलेल्या पट्ट्या दाबल्या जातात आणि कडी सुटते. पेचाच्या कुलपाचे आटे हाताने पाडलेले असतात, बाजारातला टॅप (आटे पाडायचं हत्यार) त्याला बसत नाही. त्याची किल्ली लेथवर थोडी थोडी जुळवत न्यावी लागते.

खरी परीक्षा लिव्हरच्या कुलपात. लिव्हर म्हणजे किल्लीने उचललं जाणारं आतलं पातं. कोरी, म्हणजे दाते न पाडलेली किल्ली दिव्यावर धरून काजळी बसवायची आणि आत घालून हलक्या हाताने फिरवायची. लिव्हर टेकला तिथली काजळी पुसून बारीक चकाकी दिसते. तेवढ्याच जागी कानस, पुन्हा काजळी. एक घास जास्त गेला की ती किल्ली बाद. इंग्लंडात रॉबर्ट बॅरनने 1778 साली लिव्हर-कुलपाचं पेटंट घेतलं, त्याचं मर्म हेच: प्रत्येक लिव्हर नेमका तितकाच उचलला गेला पाहिजे, कमी नाही की जास्त नाही. तिथल्याच जेरेमाया चबच्या 1818 च्या कुलपात तर लिव्हर जास्त उचलला की कुलूप अडकूनच बसतं. तिथे कोरी किल्ली फिरवायच्या आधी बारीक तारेने आतला अंदाज घ्यावा लागतो.

ड्रिल आम्ही लावत नाही. रिव्हेटही शक्यतो काढत नाही, कारण मूळ कारागिराने ठोकलेला रिव्हेट पुन्हा तसा बसत नाही. नव्या किल्लीवर आमची खूण ठोकतो, म्हणजे ती कोणी मूळची म्हणून विकू नये. भाऊबंदकीतल्या पेटीचं कुलूप आलं तर सगळे वारसदार समोर असल्याशिवाय हात लावत नाही. काही गिऱ्हाइकं यामुळे परत गेली, पण नियम तोच आहे.

इंग्रजी कुलपांना मान आणि आपल्याकडची भंगारात, हे मला कधीच पटलं नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या कुलपांना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मनापासून बरं वाटलं. अलिगढची जुनी पितळी कुलपंही तेवढ्याच तोलाची आहेत. ती शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा दाराला लावावीत असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता बाहेरगावची कुलपं कुरिअरने येतात. पाठवण्याआधी त्यात खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका. ते आत चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि लिव्हर एकमेकांना धरून ठेवतात. कुलूप आहे तसंच, गंजासकट, कापडात गुंडाळून पाठवा.