माथेरान: दस्तुरीवर कुणाचं ऐकून घोडा ठरवू नका

दस्तुरी नाक्यावर, म्हणजे माथेरानच्या वेशीवर जिथे गाड्या थांबतात तिथे, टॅक्सीतून उतरलो, पिशव्या अजून हातातच होत्या, तोवर तिघांनी घेरलं. 'ट्रेन बंद आहे मॅडम. ई-रिक्षाला दोन तास लाईन. आजींना एवढं चालवणार का?' आईची सत्तरी उलटलीय, गुडघे दुखतात. मी घाबरले. दोन घोडे ठरवले, एक आईला आणि एक सामानाला. बावीसशे रुपये.

आईनं जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती बिचारी. भाऊ आणि मी लाल धुळीतून शेजारी चालत होतो. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तोच शिट्टी ऐकू आली आणि 'बंद' असलेली ट्रेन झाडांपलीकडच्या रुळावरून निघून गेली. डब्यातल्या मुलांनी आम्हाला हातसुद्धा केला. घोडेवाला एक शब्द बोलला नाही. त्या क्षणाचा राग आठ दिवस झाले तरी उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मागून येणाऱ्यांनी एवढंच करा. वाहनतळावर कुणी काहीही सांगो, थांबू नका. नगरपरिषदेचा प्रवासी कर भरा, पावती जपून ठेवा आणि सरळ अमन लॉज स्टेशन गाठा. ते तिथून अगदी जवळ आहे, चालत काही मिनिटं. ट्रेन आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीवर विचारा. पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याच्या नेरळपासून अमन लॉजपर्यंतची गाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालते. 'बंद आहे' ही थाप या गोंधळावरच खपते. गाडी चुकलीच तर चाला. जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, रमतगमत पाऊण तास, चढ नावापुरता. धडधाकट माणसाला इथे घोड्याची काही गरज नाही. हौस म्हणून बसायचं तर पॉइंट बघायला बसा, आणि दर एकेरी की परतीसह, हे आधी वदवून घ्या.

नेरळपासूनची पूर्ण गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. पीरभॉय कुटुंबानं बांधलेला, १९०७ साली सुरू झालेला हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग चढायला दोन तासांच्या वर लागतात. प्रवासाची हौस असेल तरच तिच्या मागे लागा.

राग थोडा निवल्यावर गाव दिसायला लागलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवरचं हे गाव, १९०५ पासून नगरपरिषद असलेलं, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं किती? ४,३९३. त्याआधीच्या २००१ मध्ये ५,१३९ होती. म्हणजे गाव आटतंय. शेती नाही, कारखाना नाही. २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक गाडी सोडली तर पेट्रोल-डिझेलचं वाहन दस्तुरीच्या पुढे येत नाही. गॅस सिलिंडर, पीठ, विटा, सगळं हातगाडीवर, घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावरून येतं. त्यामुळे चहा-जेवण महाग असतं, त्यावर घासाघीस करू नका. ती महागाई खरी आहे, तिच्यामागे कुणाची तरी पाठ आहे. माझं भांडण खोटं बोलून काढलेल्या पैशांशी आहे.

गावातल्या लोकांनाही ते सलतं. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंना आमची हकीकत सांगितली, तर त्या ओशाळल्या. 'एक जण फसवतो आणि आमच्या अख्ख्या गावाचं नाव जातं,' म्हणाल्या. पर्यटकांच्या याच फसवणुकीविरुद्ध मार्च २०२५ मध्ये गावानं स्वतःच बंद पाळला होता. घोडेवाल्यांचीही पोटं यावरच आहेत, हे कळतं मला. पण म्हाताऱ्या माणसाच्या भीतीवर पैसे करायचे नसतात.

माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. योग्यच झालं. ई-रिक्षा वाढायला हव्यात, तोवर घरात वयस्कर माणूस असेल तर शटलच्या वेळा धरूनच पोचा.

मधले दोन दिवस पॉइंट, शार्लोट तलाव, चिक्की. छान गेले.

परतताना भाऊ आईला घेऊन शटलनं गेला आणि मी सनसेट पॉइंटवरून पायथ्याच्या धोदाणी गावात उतरले. वाट सुट्या मुरमाची आहे, पाय सटकतो, वरच्या टप्प्यात हात टेकावे लागले. चांगले बूट नसतील तर जाऊ नका, पावसात तर नाहीच. निम्म्यावर दोन ठाकर बाया डोक्यावर भारे घेऊन वर येत होत्या, अनवाणी. बाजारात विकून दुपारी परत उतरणार होत्या. मला वाट देण्यासाठी त्याच बाजूला झाल्या, आणि 'डावीकडनं जा ताई, उजवीकडं खचलंय' असं न विचारता सांगितलं. वाट खरंच उजवीकडे खचलेली होती. जनगणनेच्या आकड्यात या बाया नाहीत, पण गाव त्यांच्याही जिवावर चालतं.

खाली पोचायला मला सव्वादोन तास लागले. धोदाणीहून पनवेलला एसटी मोजक्याच आहेत. उतरायच्या आदल्या दिवशीच वेळा विचारून ठेवा, आणि त्या डेपोतच विचारा.