अरावली पार्क अपडेट: खाणीतला भारद्वाज शेवटी स्वच्छ मिळाला!

मिळालं एकदाचं रेकॉर्डिंग! गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता पार्कातली भारद्वाजाची जोडी, दोघांचे आवाज वेगवेगळे कळतायत, मादीचा खालच्या पट्टीतला आणि नराचा जरा वरचा, आणि मागे गुरुग्रामचा ट्रॅफिक अगदी पुसट. मागच्या अपडेटला ट्रॅफिकच्या घरघरीपुढे हात टेकले होते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मूळ घोळ असा की माझ्या स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणारा आलेख) त्याचा हूप-हूप ४०० हर्ट्झच्या आसपास दिसतो आणि एम.जी. रोड, वरून जाणारी मेट्रो, सगळ्यांची घरघर तिथेच येऊन बसते. लो-कट (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) वर नेला की घरघरीबरोबर पक्षीही जातो. आणि डिशचा (आवाज माइकवर गोळा करणारी वाटी) इथे काही उपयोग नाही, ४०० हर्ट्झची तरंगलांबी ८५ सेंमी, माझी डिश ५५ सेंमीची, ती एवढ्या खालचा आवाज गोळा करणार कशी? सुभग, शिंपी अशा वरच्या पट्टीतल्या पक्ष्यांसाठी डिश झकास, पण विकणारे हे आधी सांगत नाहीत, सांगायला हवं.

मग सरळ जुन्या खाणीच्या खड्ड्याशी गेले. खाली पाऊलवाटेवर उभं राहिलं की रस्त्याचा आवाज बराचसा वरच्या वर राहतो. पण तिथे नवीनच ताप, हूप समोरच्या दगडावर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो पोकळ करून टाकतो. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) कितीही ईक्यू करा, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करा, ते जात नाही. ट्रायपॉड पुढे-मागे केला, उंची बदलली, दर वेळी वेगळीच फ्रिक्वेन्सी गायब!

उपाय निघाला तो भिंतीतच. ओम्नी माइक (सगळ्या बाजूंनी ऐकणारा) वाटेलगतच्या सपाट क्वार्ट्झाइटला टेकवूनच लावला. दगडाला चिकटला की त्या भिंतीचं परावर्तन मूळ आवाजाबरोबरच पोचतं, पोकळपणा जवळजवळ गेला, शिवाय आवाज सहा डेसिबलने फुकट वाढला, त्यामुळे प्रीअँपची (माइकचा आवाज वाढवणारा भाग) हिसही दबली. टेप धुळकट दगडावर टिकत नाही, पोस्टर लावायची चिकट पुटी घ्या, नंतर डागही राहत नाही. वाट सोडून झाडीत शिरायचं नाही हे तर आपलं ठरलेलंच.

मला या क्लिपचं एवढं का वाटतं सांगते. भारद्वाजाला दाट झुडपं लागतात. इथे खाणकामाने उघडा पडलेला डोंगर होता आणि वेडी बाभूळ माजली होती. २०१० पासून लोकांनी धौ (आपल्या धावड्याच्या कुळातलाच), साळई अशी अरावलीची झाडं रोपवाटिकेत वाढवून लावली, २०२२ मध्ये ही देशातली पहिली ओईसीएम साइट (अभयारण्याबाहेरची, पण जैवविविधता टिकवणारी म्हणून मान्य झालेली जागा) झाली. त्याच खड्ड्यात आज जोडी घुमतेय, हे ऐकताना खरंच भरून आलं.

आता राहिली विमानं, खड्ड्याला वरून छप्पर नाही. पुढच्या वेळी तांबट पक्षी रेकॉर्ड करणार होते, पण लिहितानाच सुचलं, वारा पश्चिमेचा असला की विमानं इकडच्या बाजूने, वसंत कुंजवरून उतरतात, पूर्वेचा असला की पलीकडून. म्हणजे आधी पूर्वेच्या वाऱ्याचा दिवस पकडून हीच जोडी पुन्हा, दोन ओम्नी एकाच भिंतीवर लांब लांब लावून. स्टिरिओसाठी किती अंतर ठेवू? कुणी दगडावर केलं असेल तर सांगा, केबल त्या मापाची मागवते.