रिकॉलमधली गाडी चालवायची की नाही, हे कोणी लिहून देत नाही

माझ्या गाडीचा रिकॉल निघाला, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कंपनीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: पुढच्या सस्पेन्शनच्या लोअर आर्ममध्ये दोष असू शकतो, तो तुटला तर गाडीवरचा ताबा सुटू शकतो, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. साधला. चासी नंबर घेतला, गाडी यादीत निघाली. "पार्ट अजून आला नाही मॅडम, आला की फोन करतो."

पार्टला वेळ लागणार हे मला मान्य होतं. पण लोअर आर्म पुढचं चाक खालून धरून ठेवतो. तो गेला की चाक कलतं, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. मी नाशिकची, आई-बाबा कल्याणला, मध्ये कसारा घाट. म्हणून एकच प्रश्न विचारला: तोवर गाडी चालवू का?

"चालवा हो, काही होत नाही."
"मग तेवढं जॉब कार्डवर, म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या."
"तसं लिहिता येत नाही."
"बरं, चालवू नका असं लिहा."
"तसंही नाही येत."

मॅनेजर आले, पाणी आलं, चहा आला, उत्तर आलं नाही. टोल फ्रीवर फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, जवळच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मी तिथेच उभी होते! बदली गाडी मागितली, तर "पॉलिसीत नाही." पुढचे कित्येक दिवस हेच. तोंडी सगळे निर्धास्त, कागदावर सगळे मुके. गाडी दारात उभी, आणि मी बाबांच्या तपासणीसाठी एसटीने.

शेवटी ईमेल केला, सर्व्हिस सेंटरला नाही, थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला. चासी नंबर, किलोमीटर, पत्राचा फोटो, आणि खाली एकच मागणी: पार्ट येईपर्यंत गाडी सुरक्षित आहे की नाही, ते लेखी कळवा. 'लेखी' हा शब्द बरोब्बर लागला. दुसऱ्या दिवशी फोन आला की गाडी चालवू नका, आम्ही टो करून नेतो. आणि जो पार्ट येतच नव्हता, तोही त्याच आठवड्यात आला! काम अर्ध्या दिवसात झालं.

एक राहिलंच. पार्ट नसला तरी जॉब कार्ड उघडायला लावाच, नाहीतर तुम्ही आला होतात याचा कागद उरत नाही. चासी नंबर आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवरही. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. मला आधी फोनवर शून्याच्या जागी ओ टाकून "तुमची गाडी रिकॉलमध्ये नाहीच" असंही सांगून झालं होतं. गाडी सेकंडहँड असेल तर कंपनीकडे आपला मोबाइल नंबर नोंदवून घ्या, नाहीतर मेसेज जुन्या मालकाला जातो.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून करतात. वाहन उद्योगाच्या संघटनेची, सियामची, त्यासाठी २०१२ पासून आचारसंहिता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०ए आलं, त्यामुळे केंद्र सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. मी ईमेलमध्ये कलमाचा उल्लेख केला होता. त्याचा उपयोग झाला की नाही देव जाणे, पण मला बरं वाटलं.

गाडी घ्यायला गेले तर बिलात व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, लावलेलं. लोअर आर्म बदलला की अलाइनमेंट करावंच लागतं, म्हणजे तो रिकॉलच्या कामाचाच भाग. काउंटरवर उभी राहून ती ओळ काढायला लावली. आता बिल शून्य रुपयांचं आहे, आणि त्यावर सही-शिक्का आहे.