खारी, बटर आणि कोथिंबिरीची जुडी

नाशिक जिल्ह्याचे नाव ज्या दोन पिकांनी देशभर पोहोचवले, त्यांतले एक गिनी पिगच्या पोटात गेले तर विष ठरते आणि दुसरे फार तर अधूनमधून, अर्ध्या फळाच्या हिशेबाने द्यायचे असते. कांदा आणि त्याचे सारे भाऊबंद, म्हणजे लसूण आणि कांद्याची पातसुद्धा, या प्राण्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, त्यामुळे लासलगावचे वैभव आमच्या पिंजऱ्याच्या जवळपासही फिरकू शकत नाही. द्राक्ष विषारी नाही, पण त्यातली साखर इतकी असते की ते सणावारी मिळणाऱ्या जिलबीइतकेच दुर्मीळ राहिलेले बरे. पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचेही तसेच आहे: पिकलेल्या फळाची लहानशी फोड चालते, मात्र त्याचा देठ, पान आणि हिरवे कच्चे फळ कटाक्षाने दूर ठेवावे लागते. सुबत्तेच्या प्रदेशात राहून बाजारातल्या बहुतेक नामवंत मालाकडे पाठ फिरवावी लागावी, हे या प्राण्याने आमच्या पिशवीवर आणलेले पहिले बंधन.

खारी आणि बटर या दोघी बहिणी मुलीच्या हट्टामुळे घरात आल्या, आणि आल्यानंतर त्यांचा सांभाळ, अशा बाबतींत होते तसा, हळूहळू माझ्याकडे सरकला. नात्यागोत्यातले प्रत्येक जण पिंजऱ्यापाशी वाकून पहिला प्रश्न हाच विचारते, की हा ससा की उंदीर? उंदराच्या जातकुळीतला म्हणजे कृंतक वर्गातला हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो पाळायला सुरुवात केली ती लाडासाठी नव्हे, तर मांसासाठी, आणि पेरूमध्ये आजही तो ताटात वाढला जातो. ही माहिती मी पाहुण्यांना सांगते, मुलीसमोर मात्र टाळते. दोघी का आणल्या, एक पुरली नसती का, हा दुसरा प्रश्न. कळपात राहणारा प्राणी एकटा ठेवला की उदास होतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून गिनी पिग एकटा पाळणे कायद्यानेच मना आहे, हे ऐकल्यावर पाहुणे क्षणभर गप्प होतात, मग विचारतात की यांना पोळी चालते का.

पोळीचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, कारण साऱ्या संगोपनाची मेख त्यातच आहे. आपल्याकडे प्रेमाची परीक्षा आग्रहात होते. पानात वाढलेले नको म्हणणाऱ्यालाही आणखी एक घास भरवल्याशिवाय यजमानीणबाईंचे समाधान होत नाही, आणि समोरचा जीव लहान, केसाळ आणि टुकुटुकु पाहणारा असला की हा आग्रह अधिकच उफाळून येतो. गिनी पिगला मात्र ज्याची सर्वांत जास्त गरज असते ती वस्तू आग्रहाच्या दृष्टीने अगदी नीरस आहे: वाळलेले गवत. त्याच्या आहाराचा सुमारे ऐंशी टक्के भाग गवताचाच असावा लागतो, आणि ते दिवसरात्र, केव्हाही तोंड घालता येईल असे, भरपूर समोर असावे लागते. याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे दात. या प्राण्याचे वीसच्या वीस दात, पुढचे पटाशीचे आणि मागचे दाढांचे, जन्मभर वाढतच राहतात, आणि गवताचे खरखरीत धागे बारीक चघळताना होणारी झीज हाच त्यांच्यावरचा एकमेव लगाम. मऊ अन्नावर राहिलेल्या गिनी पिगच्या दाढा वाढत वाढत जिभेवर कमानीसारख्या येतात आणि मग समोर अन्न असूनही त्याला खाता येत नाही. दुसरे कारण आतड्यांचे. ही आतडी सतत काही ना काही पुढे ढकलत राहण्यासाठी घडलेली आहेत, तंतुमय चारा कमी पडला की त्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, आणि बारा तास काहीही न खाल्लेला गिनी पिग म्हणजे डॉक्टरकडे धावण्याचे निमित्त होते. आपल्यासारखा एखादा उपास त्याला परवडत नाही.

पुस्तकी माहितीत जिथे तिथे टिमोथी नावाच्या गवताचा उल्लेख येतो. ते थंड हवामानाचे गवत, आपल्याकडे सहज मिळत नाही, बाहेरून आलेल्या पाकिटांची किंमत मात्र एखाद्या चांगल्या बासमतीलाही लाजवील अशी असते. आम्ही ते मागवतो, नाही असे नाही, पण जोडीला त्र्यंबक-इगतपुरी बाजूच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पावसाळ्यानंतर कापून सावलीत वाळवलेले बांधावरचे गवतही आणतो. ते हिरवट, सुवासिक आणि कोरडे असले पाहिजे. कुबट वास किंवा करडी बुरशी दिसली की सगळी पेंढी टाकून द्यायची, त्यात काटकसर करायची नाही. त्या भागात भात भरपूर, त्यामुळे पेंढाही स्वस्त मिळतो, पण पेंढ्यात पोषण फारसे नाही, म्हणून त्याला चारा समजता येत नाही. जनावरांच्या चाऱ्यात मिळणारा लसूणघास (लसणाशी त्याचे नाते फक्त नावापुरते) पाहून मात्र प्रत्येक नवख्या पालकाचे मन मोहरते, कारण तो हिरवागार, स्वस्त आणि या प्राण्यांच्या आवडीचा असतो. त्यात कॅल्शियम फार असते. वाढत्या वयाच्या पिलांना आणि गाभण मादीला ते हवेच, पण मोठ्या झालेल्या गिनी पिगला रोज लसूणघास मिळाला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका असतो. आणि हो, दूर्वा! नवश्या गणपतीला वाहण्यासाठी मिळते ती दूर्वांची जुडी खारी आणि बटर दोघींनाही अतोनात प्रिय आहे. देवापुढचा मूषक आणि पिंजऱ्यातला हा त्याचा दूरचा नातेवाईक यांची आवड जुळावी, यावर आमच्या सासूबाई खूश आहेत. मी फक्त दूर्वा रस्त्याकडेच्या नसाव्यात आणि दोनदा धुतलेल्या असाव्यात एवढे पाहते.

गवताच्या खालोखाल महत्त्व क जीवनसत्त्वाचे. माणसासारखेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज बाहेरूनच मिळावे लागते, नाहीतर हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, अंगावरचे केस रोडावतात आणि प्राणी हलायलाही नाखूश होतो. खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. 1907 साली नॉर्वेतल्या आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश या दोघांनी जहाजांवरच्या बेरीबेरी या दुसऱ्या आजाराचा छडा लावण्यासाठी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवले, आणि बेरीबेरीऐवजी त्यांच्यात स्कर्व्ही उद्भवला. स्कर्व्ही प्रयोगशाळेत प्रथमच हाती आला तो असा, शोधत असलेल्या वस्तूऐवजी दुसरीच सापडून. पोळीच्या आग्रहाला माझे उत्तर या प्रयोगात आहे, कारण दुकानांत रंगीबेरंगी पिशव्यांतून मिळणारे बिया आणि दाण्यांचे मिश्रणही शेवटी तेच, नुसते धान्य. दाणे द्यायचेच असतील तर क जीवनसत्त्व घातलेल्या साध्या, एकरंगी गोळ्या द्याव्यात, त्याही दिवसाला चमचा-दोन चमचे. पाण्यात विरघळवायचे औषधी थेंब मात्र आम्ही घेत नाही. उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर निकामी होते, शिवाय पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो, म्हणजे दुहेरी नुकसान.

त्यापेक्षा भाजीबाजार बरा. एका प्रौढ गिनी पिगला दिवसाला दहा ते तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते आणि ढोबळी मिरचीचे एक जाडसर काप त्यातला बराच भाग भागवते. बिया काढून दिलेली लाल किंवा पिवळी ढोबळी अधिक सरस, पण हिरवीही कमी नाही. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास हे जीवनसत्त्व असते, तरी त्यात साखर असल्यामुळे बोटभर तुकड्याच्या पुढे जाता येत नाही. कोथिंबीर हे आमच्याकडचे रोजचे पान. नाशिकच्या बाजारात कोथिंबिरीचे भाव म्हणजे मोठे प्रकरण आहे. कधी शेतकऱ्याला काढणीचा खर्चही निघत नाही म्हणून जुड्या बाजारातच सोडून जायची पाळी येते, तर पावसाची झड लागली की तीच जुडी हातात घेताना मन कचरते. पूर्वी या चढउताराशी माझा संबंध चटणीपुरता होता. आता भाजीवालीने मोफत दिलेल्या देठांचे मोल मला कळते, आणि तिलाही मी देठच का मागते ते ठाऊक झाले आहे. ‘तुमच्या त्या दोघी काय म्हणतात?’ असे विचारून ती फ्लॉवरची बाहेरची दोन कोवळी पाने वरून टाकते. मी ती घरी आणून निम्मीच देते, कारण कोबी-फ्लॉवरच्या कुळातल्या भाज्या जास्त झाल्या की पोटात वायू होतो. पालकात खडे होण्याला हातभार लावणारे ऑक्झलेट असते, म्हणून तो आठवड्यातून एखादे वेळी. गाजर गोड, म्हणून चकतीपुरते. त्याचा पाला मात्र मनसोक्त. काकडी म्हणजे जवळपास नुसते पाणी, ती उन्हाळ्यात. बटाटा, कडधान्ये, दूध, पाव, बिस्किटे यांतले काहीही कधीच नाही, आणि हो, पोळीही नाही.

या दोघींना भाषा येत नाही असे म्हणणाऱ्याने स्वयंपाकघरात एकदा फ्रिज उघडून पाहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ झाली की पिंजऱ्यातून एक लांब, वर चढत जाणारी शिट्टी निघते, आणि ती पान हातात येईपर्यंत थांबत नाही. आनंद झाला की दोन्ही पिले जागच्या जागी उडतात, लाही फुटावी तशा नव्हे, त्याहून वाईट समन्वयाने. त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट पाहुण्यांसमोर समजावून सांगणे अवघड जाते, ती म्हणजे स्वतःच्या मऊ लेंड्या खाणे. ही खोड नसून गरज आहे. पहिल्या फेरीत अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात, आंबवलेल्या अन्नातली ब जीवनसत्त्वे दुसऱ्या फेरीतच अंगी लागतात. आमच्या मावशींनी ते पाहून चहाचा कप खाली ठेवला होता.

राहण्याच्या जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जाळीचा तळ नको, त्याने तळपाय सोलवटतात. जुनी वर्तमानपत्रे, वर धुता येण्याजोगे मऊ कापड, लपायला दोन दारे कापलेली खोकी आणि चोवीस तास पाण्याची बाटली एवढे पुरते. दोन दारे महत्त्वाची, म्हणजे एक बहीण दुसरीला कोपऱ्यात अडकवू शकत नाही. हा सावज-प्राणी असल्यामुळे वरून झडप घालून उचलले की त्याला घारच आठवत असावी, तेव्हा एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घालून उचलायचे.

नाशिकची हवा चांगली म्हणतात, ती माणसांना. गिनी पिगला अठरा ते चोवीस अंश तापमान मानवते आणि पारा तिशीकडे गेला की त्याला उष्माघाताची भीती असते, कारण त्याला घाम येत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आमचा पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, शहाबादी फरशीवर असतो, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली की दोघी तिला पाठ लावून पसरतात. थंडीचा प्रश्न उलटा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी छापून येते त्या दिवसांत बाल्कनी बंद, वाऱ्याची झुळूक बंद, आणि गवत नेहमीच्या दुप्पट, ज्यात त्या शिरून बसतात आणि तेच खातात.

आजारपणाबाबत हा प्राणी लबाड आहे. अशक्त दिसला तर शिकार होईल या उपजत भीतीने तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचे सोंग करतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहिणे हाच खरा पहारा. वजन सलग घसरले की कारण शोधायचे. डॉक्टरांची निवडही आधीच करून ठेवावी लागते, कारण कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला या प्राण्याची सवय असतेच असे नाही, आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी आपल्या ओळखीची प्रतिजैविके गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतात. घरातले औषध अंदाजाने देण्याचा मोह, तोही प्रेमापोटीच होत असतो.

दिवाळीत पुण्याला भावाकडे जायचे ठरले तेव्हा समोरच्या काकूंनी दोघींची जबाबदारी आनंदाने पत्करली. काकूंच्या हातचे खाऊन उपाशी उठलेला माणूस आमच्या इमारतीत नाही, हेच माझ्या चिंतेचे कारण होते. सूचनांचा कागद मी फ्रिजवर चिकटवला, त्यात गवताचा उल्लेख सर्वांत वर आणि पोळीची मनाई दोन ठिकाणी केली. पहिल्याच रात्री त्यांचा फोन आला. गवत भरले, पाणी बदलले, दोघींचे उत्तम चालले आहे, पण सणासुदीच्या दिवसांत बिचाऱ्यांनी नुसत्या गवतावर राहायचे म्हणजे काय, करंजीचे सारण थोडेसे, अगदी चिमूटभर, दिले तर? मी नको म्हटले. मग पलीकडून थोडा वेळ नुसते श्वास ऐकू आले, तेव्हा मी ढोबळी मिरचीचे एक काप वाढवायची परवानगी दिली, आणि त्यावर काकूंनी, लाल की पिवळी, असे विचारून घेतले.