रिकेल्मे बार्सिलोनात का चालला नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू हुआन रोमान रिकेल्मे याच्या क्लिप्स बघून आलेला जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो: चेंडू असा पायाला चिकटायचा, मग बार्सिलोनातून एका हंगामात गाशा का गुंडाळावा लागला? ‘वेग नव्हता’ हे ठरलेलं उत्तर. वेग नव्हताच. पण तो बोका ज्युनियर्स या त्याच्या अर्जेंटिनातल्या क्लबमध्येही नव्हता आणि तिथे त्याने 2000 आणि 2001 अशी लागोपाठ दोन वर्षं कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली.

आधी बोकाची मांडणी बघा. 1998 मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या कार्लोस बियांचींचा संघ 4-3-1-2 असा उभा राहायचा, म्हणजे चार बचावपटू, तीन मधले, त्यांच्यापुढे एक आणि दोन आघाडीवीर. त्यातला ‘1’ म्हणजे रिकेल्मे. अर्जेंटिनात या जागेला एन्गांचे म्हणतात. पाठीशी बताग्लिया, सेर्ना, बासुआल्दो असे तीन राबणारे, पुढे पालेर्मो आणि देल्गादो. मागच्यांनी चेंडू हिसकावून याच्याकडे सोपवायचा आणि फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर येईपर्यंत याने तो राखायचा. म्हणजे त्याचा संथपणा ही संघाची गरजच होती.

राखायचा कसा, ते नीट बघण्यासारखं आहे. पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, गुडघे किंचित वाकलेले, चेंडू लांबच्या पायापाशी. एक हात बाजूला पसरलेला. मागचा कुठून येतोय ते डोळ्यांआधी त्या हाताला कळायचं. समोरच्याने उतावीळपणे पाय घातला की बुटाच्या तळव्याने चेंडू ओढून तो भलतीकडेच निघायचा. 2000 च्या लिबेर्तादोरेसमध्ये रिव्हर प्लेट या प्रतिस्पर्धी क्लबचा बचावपटू येपेस याच्या दोन पायांमधून त्याने असाच, पाठमोरा असताना चेंडू काढला. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांची लढत) रेआल माद्रिदविरुद्ध पालेर्मोने पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल केले. त्यातला दुसरा रिकेल्मेने आपल्या अर्ध्या मैदानातून दिलेल्या लांब पासवरचा. बोका 2-1 जिंकलं.

2002 मध्ये तो बार्सिलोनात गेला. प्रशिक्षक लुई व्हान गाल. त्यांना हा खेळाडू मुळात हवाच नव्हता. त्यांनी त्याला बरेचदा कडेला खेळवलं आणि घोडं तिथेच अडलं. मधोमध उभा असताना त्याला चारही बाजूंना वळता यायचं. कडेला एका अंगाला रेषाच असते, त्यामुळे निम्मी वळणं बाद. शिवाय विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला, समोरच्या फुलबॅकच्या मागे धावावं लागतं आणि चेंडू मिळताच मुसंडी मारावी लागते. ही दोन्ही कामं त्याची नव्हेत. चेंडू आपल्याकडे नसला की तू असून आपला एक माणूस कमी पडतो, असं व्हान गाल म्हणाल्याचं रिकेल्मेनेच पुढे सांगितलंय. मला विचाराल तर निरीक्षण अचूक होतं, उपाय चुकला. ती कमी बियांची आणखी तीन माणसांच्या पायांनी भरून काढत होते. 2003 मध्ये रोनाल्दिन्यो आला, युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या मर्यादेत जागा उरली नाही आणि रिकेल्मे व्हियारेआल या स्पेनमधल्याच क्लबला उसना गेला.

तिथे 2004 मध्ये प्रशिक्षक म्हणून मानुएल पेलेग्रिनी आले. कागदावर 4-4-2, पण रिकेल्मेला आत यायची मोकळीक आणि मागे मार्कोस सेन्नासारखा भक्कम माणूस. 2004-05 मध्ये हा छोट्या गावचा क्लब ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, तिसरा आला, फोर्लानने 25 गोल ठोकले आणि पुढच्या वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला.

या मांडणीची दुखरी नसही तिथेच उघडी पडते. सगळी वाट एकाच माणसातून जाते. तो अडला की संघ अडतो. 25 एप्रिल 2006 रोजी त्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या लढतीत आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. मारायला रिकेल्मेच. आर्सेनलचा गोलरक्षक लेमानने ती अडवली आणि पहिल्या लढतीतल्या एकमेव गोलावर आर्सेनल पुढे गेलं. त्याच उन्हाळ्यात, 30 जूनला बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व लढतीत रिकेल्मेच्या कॉर्नरवर अर्जेंटिनाच्या आयालाने हेडर मारून जर्मनीविरुद्ध आघाडी मिळवून दिली होती. 72व्या मिनिटाला अर्जेंटिनाचे प्रशिक्षक पेकरमननी रिकेल्मेला काढून कांबियासोला उतरवलं. आता चेंडू राखणार कोण? 80व्या मिनिटाला क्लोझने बरोबरी साधली आणि अर्जेंटिना पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. मेस्सी बाकावरच का राहिला यावर अजून वाद घालतात. माझ्या लेखी त्या दिवसाची मोठी चूक रिकेल्मेला काढणं हीच.

पेलेग्रिनींशी बिनसल्यावर 2007 मध्ये तो उसना म्हणून बोकात परतला. मांडणी तीच, मागे लेदेस्मा, बानेगा, कार्दोसो. लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत ग्रेमियोला दोन लढती मिळून 5-0 हरवलं, त्यात तीन गोल याचे. क्लिप्सऐवजी पोर्तो अलेग्रेची ती दुसरी लढत पूर्ण बघा. चेंडू रिकेल्मेकडे नसेल तेव्हा नजर बानेगावर ठेवा.